टेकाडावरचा राखणदार

एका माळावर, तळ्याच्या काठाला लागून, सातभाईंचा एक थवा राहत असे. मुलांनो, सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट अंग, पिवळट डोळे आणि तोंडाला म्हणून विसावा नाही. एकाने पान उलटले की बाकीच्यांनी त्यावर चर्चा केलीच पाहिजे. रूप बेताचे, आवाज त्याहून बेताचा. पण या पाखरांची एक रीत फार चांगली होती. सगळी खाली पाचोळ्यात किडे वेचत असली, की त्यांतले एक जण बोरीच्या शेंड्यावर बसून चहूकडे नजर ठेवी. ही पाळी लहानथोर सगळ्यांना येई. धोका दिसला की शेंड्यावरून 'चर्रर्र-ची!' अशी हाळी उठे, आणि ती ज्याच्या कानी पडेल त्याने चोचीतला घास टाकून धावून जायचे. मग तो साप असो की शिक्रा, एवढ्या चोचींपुढे त्याची काय बिशाद! राखणीला बसलेल्याचा वाटा खालच्यांनी काढून ठेवायचा, हेही ठरलेले.

हे सारे आठवणारी एक म्हातारी त्या थव्यात उरली होती. ती पहिल्यांदा शेंड्यावर बसली तेव्हा खालून तिचा दादा ओरडत होता, "घाबरू नकोस गं, मी आहे ना खाली!" उतरल्यावर त्याने तिच्यासाठी राखून ठेवलेला लठ्ठ नाकतोडा तिने खाल्ला. पुढे आयुष्यात तिने पुष्कळ नाकतोडे खाल्ले, पण ती चव काही परत आली नाही.

ती लहान असतानाच माळावर हंस आले. दूरदेशाहून आलेले, पांढरेशुभ्र, लांब मानेचे. म्हणाले, "दमलो आहोत, जरा टेकू द्या." दारी आलेल्याला नाही कसे म्हणायचे? सातभाईंनी काठ मोकळा करून दिला. काही दिवसांनी हंसांचा म्होरक्या म्हणाला, "तुमच्यातला एक जण रोज उपाशी बसून राखण करतो, हा केवढा खुळेपणा! आमच्या माना उंच. राखण आमच्यावर सोपवा. फक्त ते तुमचे कर्कश ओरडणे बंद करा, आमची झोपमोड होते."

फुकटची राखण कोणाला नको असते? थव्याने माना डोलावल्या. हंसांनी काठावरच्या टेकाडावर आपला पहारेकरी बसवला. तो तळ्याकडे तोंड करून बसे आणि कोणी पाण्याजवळ फिरकले की 'ओंऽक' करून सगळ्यांना जागे करी. तळ्यात कमळाचे कंद होते, काठाला कोवळे गवत होते. हंसांचा जीव त्यात होता. तळे राखील तो पाणी चाखील म्हणतात, इथे तर राखणाऱ्याने तळेच गिळले. सातभाई मात्र त्याच्या पांढऱ्या पाठीकडे पाहून म्हणत, "काय ऐट आहे, बघा!" राखणदाराने आपल्याकडे पाठ केली आहे, हे काही कोणाच्या ध्यानात आले नाही.

आले ते एकट्या दादाच्या. तो बाभळीवर बसून कुरकुर करू लागला, तशी आणखी काही पाखरे त्याच्याभोवती जमली. म्होरक्या गोड हसला आणि बाकीच्यांना म्हणाला, "तुम्ही बोरीवरची पाखरे किती समंजस! ती बाभळीवरची मात्र जन्माची भांडकुदळ. तुम्ही वेगळे राहिलेले बरे." मग त्याने दोन झाडांच्या मध्ये रंगीबेरंगी फुलांच्या घाणेरीचे कुंपण लावून दिले. कालपर्यंत एका फांदीवर अंगाला अंग लावून झोपणारी पाखरे एकमेकांना 'तिकडची' म्हणू लागली. आधी येणेजाणे थांबले, मग बोलणे थांबले, आणि पुढेपुढे तर आठवण काढायचीही लाज वाटू लागली. दादा तिकडे राहिला, बहीण इकडे.

वर्षे गेली. तळ्यातले कंद संपत आले आणि एका सकाळी हंस उडून गेले. काय तो आनंद! सातभाई दिवसभर नाचले. पण दुसऱ्या दिवशी राखणीचा प्रश्न आला, तेव्हा बोरीच्या शेंड्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. भांडण झाले ते टेकाडावर कोण बसणार याचे. हंसांची बोली ज्याला उत्तम येत होती, तो जिंकला. छाती पुढे काढून, नसलेली मान लांब करून तो टेकाडावर बसला, तोंड तळ्याकडे. पिलांना सकाळी 'ओंऽक' घोटायला लावत. चुकून कोणाच्या तोंडून 'चर्रर्र' निघाले, तर त्याला टोच बसे. हंस अजूनही हिवाळ्यात पाहुणे म्हणून येत, आणि त्यांच्यासाठी काठ झाडून ठेवताना थव्याची कोण धांदल उडे! इकडे घाणेरी मात्र माजली होती. तिने निम्मा माळ गिळला आणि तिच्या जाळीत एक रानमांजर राहायला आले.

म्हातारीचा जीव टांगणीला लागला. तिचे असे एकच उरले होते, एक एवढीशी नात. ती टेकाडाशी जाऊन म्हणाली, "बाबा, जरा इकडे तोंड कर की. मांजर काय तळ्यातून येणार आहे?"

टेकाडावरचा म्हणाला, "आजी, हंस असेच बसत. त्यांची शिस्त होती म्हणून तर सगळे सुरळीत चालले होते."

मग तिने नातीला गाठले. "चल, बोरीवर बसायला शिकवते तुला. हाळीही शिकवते."

"शी, आजी! सगळे हसतील मला," नात म्हणाली आणि 'ओंऽक, ओंऽक' करत पाचोळ्यात पळाली. तिचे 'ओंऽक' फार सुरेख होते. म्हातारीलाही त्याचे कौतुक वाटे, खोटे कशाला बोला?

एके दिवशी दुपारी घाणेरीची पाने हलली. म्हातारीने पाहिले. मांजर पोट जमिनीला लावून पुढे सरकत होते आणि नात त्याच्याकडे पाठ करून किडा उकरत होती. म्हातारीने सारे बळ एकवटून चोच उघडली, आणि तिच्या तोंडून निघाले, "ओंऽक!"

जन्मभर हाळीची आठवण काढून हळहळणारी ती, पण ऐन वेळी गळ्यातून आले ते हंसांचेच. सगळ्या थव्याने माना वळवल्या आणि शिकवल्याप्रमाणे तळ्याकडे पाहिले. नातीनेही पाहिले. मांजराने झेप घेतली.

तेव्हा कुठे म्हातारीला कंठ फुटला. "चर्रर्र-ची! चर्रर्र-ची!" ती धावत सुटली. तरुण पाखरे एकमेकांकडे बघत राहिली. म्हातारीला वेड लागले की काय, हे त्यांना कळेना. पण कुंपणापलीकडच्या बाभळीवर एका म्हाताऱ्या पाखराने मान ताठ केली. हाळी कानी पडली की जायचे, इकडची की तिकडची हे विचारायचे नाही, एवढेच त्याला ठाऊक होते. घाणेरीचे काटे अंगावर घेत ते पार झाले आणि थेट मांजराच्या डोळ्यावर आदळले. मांजराने नातीला सोडले आणि त्याला धरले.

मांजराने जाळीत ओढून नेण्यापूर्वी त्या पाखराने एकदा म्हातारीकडे पाहिले. "अगं, तू होय!" एवढेच दादा म्हणाला.

पाने हलायची थांबली. टेकाडावरच्या राखणदाराने मान न वळवता विचारले, "कोण गावंढळ ओरडले ते? पाहुणे यायचे दिवस आहेत, शांतता राखा." थवा ओशाळला आणि पुन्हा तळ्याकडे पाहू लागला. शेपटीची पिसे गमावलेली नात थरथरत आजीजवळ आली. तळ्याकडे पाठ करून, घाणेरीवर नजर रोखून ती आजीला खेटून बसली.

तात्पर्य : परका उठून गेला म्हणून त्याचा अंमल उठत नाही. आपण अजून कोणीकडे तोंड करून बसलो आहोत, ते आधी पाहावे.