आधी कचरापेटी

एकदा एक छापखानेवाला आपला जुना संगणक सतरंजीत गुंडाळून आमच्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्या अण्णांकडे घेऊन आला. अण्णा वृद्ध गृहस्थ. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता संगणक, असे काळाबरोबर त्यांचे हात शिकत आलेले. त्यांच्याजवळ एक शिष्य होता. हुशार, चपळ, पण हाती आलेले काम कधी एकदा संपवतो असे व्हायचे त्याला.

छापखानेवाल्यांना सगळे तात्या म्हणत. संगणक बाकावर ठेवून ते म्हणाले, "अण्णा, आतून टकटक आवाज येतो आणि बंद पडतो. लग्नसराई तोंडावर आली आहे. पत्रिकांचे नमुने तेवढे वाचवा, बाकी आत काही नाही."

"बाकी काहीच नको?"

"नाही म्हटलं ना."

स्क्रू काढता काढता अण्णांनी सहज विचारले, "मग कचरापेटी रिकामी करून टाकू? ती रिसायकल बिन म्हणतात ती?"

तात्या सतरंजीची घडी घालत होते. घातलेली घडी त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. "राहू द्या," ते म्हणाले. "तिचं काय एवढं ओझं होतंय." पायरी उतरून गेल्यावर ते पुन्हा वळले. "जाणार तर नाही ना काही?"

"प्रयत्न करतो," अण्णा म्हणाले.

आता दुसऱ्याच्या घरातले आपण सांगू नये, पण सांगितल्यावाचून ही गोष्ट कळायची नाही. पेठेतल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका तात्यांकडे छापली जाई. छापली गेली नाही ती एकट्या त्यांच्या मुलाची, निनादची. त्याने आपल्या पसंतीने परगावी लग्न केले आणि तात्यांनी घरात त्याचे नाव काढणे बंद केले. तसबिरी उतरल्या, अल्बम पाणी तापवायच्या बंबात जळाले. संगणकातले फोटोही त्यांनी चार नातेवाइकांदेखत पुसले. हे त्यांच्या पत्नीनेच पाणी भरताना डोळे टिपत सांगितलेले, तेव्हा खोटे असायचे कारण नाही.

अण्णांनी संगणकाची हार्ड डिस्क बाहेर काढून दुकानातल्या यंत्राला जोडली आणि तिला कान लावला. "हिचं आयुष्य संपत आलंय," ते शिष्याला म्हणाले. "एकदा वाचू देईल, दुसऱ्यांदा देईलच असं नाही. हिच्यावर नवीन काही लिहायचं नाही. आधी आतलं सगळं बाहेर काढायचं, मग दुरुस्तीचं बघू."

शिष्याने नमुन्यांचा फोल्डर शोधला. अण्णांनी त्याचा हात धरला.

"आधी कचरापेटी."

शिष्याला थट्टा वाटली. "अण्णा, गिऱ्हाईक नमुने मागतंय. मधेच ही डिस्क मेली तर त्यांच्या हातात काय केर ठेवायचा?"

"आधी कचरापेटी," अण्णा त्याच स्वरात म्हणाले.

शिष्याने मनातल्या मनात चरफडत आज्ञा पाळली. डिस्क टकटकत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. पेटीतले सगळे बाहेर आल्यावर त्याने पडताळा म्हणून एक फाईल उघडली. फोटो निघाला. कागदाच्या गठ्ठ्यांवर बसलेले एक लहान पोर, दोन्ही तळवे शाईने काळे, आणि ते तळवे फोटो काढणाऱ्याला दाखवत हसणारे.

"पुरे," अण्णा म्हणाले. "उघडतंय एवढं कळलं. बाकीचे बघायचे नाहीत. ते आपले नव्हेत."

मग नमुने काढायला घेतले. बरेचसे आले. शेवटी शेवटी टकटक अचानक थांबली आणि डिस्क कायमची मुकी झाली. काही नमुने तिच्या पोटातच राहिले. शिष्याने अण्णांकडे पाहिले, पण अण्णा नवी डिस्क शोधायला उठले होते.

नवी डिस्क बसली, संगणक पुन्हा चालू झाला. शिष्याचा राग एव्हाना निवळला होता. तात्यांना पाहताक्षणी दिसावेत म्हणून त्याने ते फोटो पडद्याच्या मधोमध ठेवले. अण्णांनी चष्मा लावला. जुन्या डिस्कवर 'निनाद' नावाचा एक रिकामा फोल्डर होता, तसाच त्यांनी नव्या जागी केला. सगळे फोटो त्यात घातले. आणि मग एकेक करून स्वतःच्या हाताने कचरापेटीत टाकले.

शिष्याला राहवेना. "अण्णा, ज्यासाठी नमुने घालवले, ते तुम्ही परत कचऱ्यात टाकलंत?"

अण्णांनी खुर्ची मागे सारली.

"देवाला वाहिलेलं फूल आपण दुसऱ्या दिवशी उतरवतो," ते म्हणाले. "पूजेत ठेवत नाही, पण केरातही टाकत नाही. निर्माल्याची परडी वेगळी असते. बघणाऱ्याला दोन्हीकडे सुकलेली फुलंच दिसतात. फरक वाहणाऱ्याला ठाऊक. ज्यांच्या छापखान्यात जमिनीवर कागदाचा कपटा सापडत नाही, त्यांनी ही पेटी इतकी वर्षं रिकामी केली नाही. नमुन्यांचं म्हणशील, तर पेठेत घरोघरी कपाटातून एखादी पत्रिका निघेल, तिच्यावरून नमुना पुन्हा होईल. हे पुन्हा कुठून आणायचं?"

"मग निदान समोर तरी ठेवू या."

"समोर ठेवलं तर त्यांना लोकांदेखत ठरवावं लागेल. लोकांदेखत ते काय करतात, ते एकदा झालंय. वाचवणं आपलं काम, लेका. बाहेर काढणं त्यांचं."

तात्या आले तेव्हा अण्णा शिष्याला घेऊन दुकानाबाहेर ताडपत्रीची दोरी बांधत बसले. दोरी चांगली घट्टच होती. शिष्याने चोरून आत पाहिले. तात्यांचा हात नमुन्यांकडे गेलाच नाही.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. "काही नमुने हाती लागले नाहीत, तात्या," अण्णा म्हणाले. तात्यांचा संताप पेठेला माहीत होता. शिष्य मान खाली घालून उभा राहिला.

"असू द्या. पुन्हा करू," तात्या म्हणाले आणि त्यांनी संगणक सतरंजीत गुंडाळला, आणला होता त्याहून सावकाश.

लग्नसराई संपता संपता त्यांनी शिष्याला छापखान्यात बोलावले. आधी म्हणाले, शाई नीट उमटत नाही. मग दार लोटून घेतले.

"का रे, त्या पेटीत फोटो नखाएवढे दिसतात. मोठे करून पाहायचे झाले तर?"

"बाहेर काढावे लागतात, तात्या."

"काढले तर जातात कुठं? नवी जागा करावी लागते?"

"नाही. जिथून टाकले होते तिथंच परत जातात. ती जागा आहे तशीच आहे."

तात्यांनी धोतराच्या टोकाने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "दाखव," ते म्हणाले.

शिष्याने कुठे दाबायचे ते दाखवले. मग त्याला काय वाटले कोण जाणे, तात्यांचे बोट टेकायच्या आत तो उठला आणि बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून.  मग तात्यांनी मागच्या घरात बायकोला हाक मारली.

"अगं, जरा इकडे येतेस? निनाद बघ केवढासा होता."