नीरफणसाची गोधडी

“…पण आंटी, मी शिकवायला लागू कधी?”

हिलो गावातल्या त्या घराच्या ओट्यावर चपला काढता काढताच शरयूने विचारलं. ती मूळची वेंगुर्ल्याची, नोकरीपायी हवाई बेटांवर आलेली. मोमी आंटींकडे ती तिथली गोधडी शिवायला शिकली होती. आता गावी परतून तिला वर्ग काढायचा होता.

मोमी आंटी खुर्चीत बसून होत्या.

“माझी पहिली गोधडी पुरी झाली. बघा तरी!” शरयूने गाठोडं सोडलं.

पांढऱ्या कापडावर नीरफणसाची हिरवीगार पानं. आठपदरी घडी घालून एकसंध कापलेली. पानांभोवती टाक्यांच्या ओळी, किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांसारख्या. एकही टाका वाकडा नव्हता, आणि हे शरयूला पक्कं ठाऊक होतं.

“कुणासाठी केलीस?”

“प्रदर्शनासाठी. मग वर्गातल्या भिंतीवर लावेन. मला काय येतं ते लोकांना दिसायला नको?”

मोमी आंटींनी गोधडीच्या काठावरून बोट फिरवलं.

“तुमच्या बहिणीलाही दाखवते. केआला आंटींनीच तर मला सुई धरायला शिकवलं. उठल्यात ना?”

“पहाटे गेली ती.”

शरयूला वाटलं, आपण भलतंच ऐकलं. परवाच तर त्या हसून तिला टाके उसवायला लावत होत्या…

मोमी आंटी उठल्या. गोधडी उचलून आत गेल्या. शरयू धडपडत मागे गेली.

आत शवपेटी होती. पेटीत केआला आंटी.

मोमींनी गोधडी झटकून उलगडली आणि बहिणीच्या अंगावर घातली.

“आंटी! अहो, ही… ही मातीत जाईल!”

“जाईल. पहिली गोधडी आपल्याजवळ ठेवायची नसते, द्यायची असते.”

“वर्ष गेलंय माझं तिच्यात!”

“हो.”

शरयूने गोधडीचा काठ घट्ट धरला. ओढली असती तर आली असती. मोमींनी अडवलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या.

काठाखाली केआलांचा हात होता. सुई टोचून टोचून निबर झालेली बोटं. शरयूचा हात त्यांना लागला…

गार. इतका गार हात तिने आजवर धरला नव्हता.

बऱ्याच वेळाने तिने काठ वर घेतला, केआलांच्या खांद्यांवर नीट सारखा केला. मग पायांशी गेली आणि दोन्ही बाजूंनी गोधडी खोचली, झोपलेल्या माणसाला खोचतात तशी.

“आंटी…” ती मोमींकडे वळली. “आता माझ्याकडे दाखवायला काहीच उरलं नाही.”

मोमी आंटींनी पेटीचं झाकण लावलं.

“शिकव आता.”