साहेबांचा पांढरा सदरा

तान्हाबाई परटीण रोज सकाळी घाटावर फेस हातानं बाजूला सारायची आणि जुनी नदी शोधायची. वरच्या अंगाला कारखान्याचं सांडपाणी नदीत पडत होतं. पाहणीला आलेल्या साहेबांनी तिकडे पाहिलंही नाही. हातातला लेखी हुकूम दाखवत ते म्हणाले, "हा तुमच्या साबणाचा फेस. उद्यापासून घाट बंद!"

तान्हाबाई म्हणाली, "साबणच ना साहेब? मग काढा तो पांढरा सदरा, याच फेसात धुऊन देते. उजळला तर आजच घाट सोडते."

साहेब मागे सरकले. "नको गं बाई, सदऱ्याची चाळण होईल!"

"अन् असल्या साबणानं आम्ही गावाचे कपडे धुतो होय?"

लोक हसले. साहेबांनी हुकूम फाडला.

घाट वाचला. पण नवी नवरी होऊन आली, त्या दिवशी इथंच ओंजळीनं प्यायलेल्या पाण्याची तहान तान्हाबाईला अजून होती.