तांबटिणीच्या दाराची कहाणी

ऐक शेजारमाये, तुझी कहाणी. बायांनो, हातात तांदूळ घ्या आणि मन ठिकाणावर आणा. आपल्या दाराला कडी घातली की नाही, ही काळजी घटकाभर सोडा. ती कहाणीतच यायची आहे.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगरात तांबटआळी होती. आळीत एक तांबट राहत होता, त्याची बायको येसू. तिच्या दारासमोर भागू साळणीचं दार, मधे अरुंद बोळ. भागूला नवरा उरला नव्हता, मूल नव्हतं, एक हातमाग होता. माग दाराशीच मांडलेला. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून ती दिवसभर विणायची. डोळे उंबऱ्याच्या जरा वर. बोळातून माणूस गेला, की तिला आधी त्याचे पाय दिसायचे, मग तोंड. पायांवरून ती सांगायची, हा वाणी, ही कासारीण, हा परका.

तेव्हा येसूच्या घरी गरिबी होती. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. मग बाहेर निघताना ती काय करायची? उंबऱ्यावर पाणी घालायची. घरात असेल ते मूठभर, तांदूळ तर तांदूळ, कण्या तर कण्या, साळणीच्या ओटीत घालायची. मग म्हणायची, "भागाक्का, तुमचं दार मी बघेन, माझं तुम्ही बघा." साळीण हातातला धोटा न थांबवता म्हणायची, "जा, ये." हा शेजारवसा. आळीतल्या सगळ्या बायका तो पाळत होत्या. कोणी शिकवला, कुणाला आठवत नव्हतं.

मग काय झालं? राजाच्या घरी लग्न निघालं. हंड्याघागरींचं काम तांबटाकडे आलं. तांबटानं रात्रंदिवस ठोकलं, मठारलं, काम पार पाडलं. राजा खूश झाला. येसूच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आली, फळीवर तांब्याची उतरंड लागली, आणि पोटात भीती बसली. गरिबीत कधी बसली नव्हती, ती आता बसली.

मग तिनं दाराला लोखंडी पट्ट्या मारल्या. भीती गेली नाही. मग दोन कुलपं आणली. भीती गेली नाही. मग चौकटीला बिब्बा बांधला, काळी बाहुली टांगली, घोड्याचा नाल ठोकला. तरी भीती गेली नाही. दार उघडावं तर समोर भागू, दिवसभर इकडंच तोंड करून बसलेली. येसूला वाटलं, मी चोर लांब कुठं शोधतेय? हिचीच दृष्ट लागते माझ्या घराला. परवा दूध नासलं, काल नवी घागर गळली. मग तिनं मूठ द्यायची बंद केली. उंबऱ्यावर पाणी घालायचं बंद केलं. एके दिवशी कमरेवर हात ठेवून बोळात उभी राहिली.

"भागाक्का, दाराला तरट लावा. दिवसभर माझ्या घरात डोळे घालून बसता, बरं दिसत नाही."

"अगं येसू, माग काही हलत नाही. मी कुठं बघू?"

"कुठंही बघा. इकडं नको."

भागूनं पोत्याचं तरट दाराला लावलं. आत अंधार झाला. अंधारात सूत दिसेना, तागे तुटायला लागले, दोन दिवसांच्या कामाला चार दिवस लागायला लागले. तरट कोणी लावायला लावलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आळीनं तरट बघितलं, दोघींचं बिनसलं एवढं समजली. वाण्याची बायको तांबटिणीच्या दारावरून मान खाली घालून जायची. कासारीण तोंड फिरवून जायची. येसू मनात म्हणाली, चला, आता कुणी बघत नाही, घर निर्धास्त झालं. हसू नका बायांनो, आपणही असंच म्हणतो.

मग श्रावण आला, शिळासप्तमी आली. बायका शिळंपाकं घेऊन तळ्यावर पूजेला गेल्या. तांबट माल घेऊन बाजाराला गेला. येसूनं दोन्ही कुलपं लावली, तीनदा ओढून बघितली, किल्ल्या कमरेला खोचल्या आणि नवं लुगडं सावरत तळ्यावर गेली. भागू विधवा, तिला पूजेला कोणी बोलावलं नाही. ती मागावर होती.

भर दुपारी तिघे आले. पहार घातली, घण घातला, कुलपं ठोकायला लागले. सगळ्या बोळात आवाज. भागूनं तरटामागून ऐकला. मनात म्हणाली, तांबट लवकर परतला वाटतं, कामाला बसला. तांबटाच्या घरातून ठोक्यांचा नाही, तर कसला आवाज यायचा? चोरांनी सावकाश दार फोडलं, सावकाश उतरंड उतरवली, पोत्यात भरली आणि चालते झाले.

येसू आली. बघते तर दार आडवं पडलेलं, फळी रिकामी. मग तिनं ऊर बडवला आणि आळी गोळा केली. हात सरळ समोर केला. "हिनंच. हिच्याच डोळ्यांत सलत होतं माझं घर. हिनंच चोर घातले."

मग कोतवाल आला, दोन शिपाई आले. भागूला मागावरून उठवलं, बोळात उभं केलं, घराची झडती घेतली. मडकी पालथी घातली, कण्या निघाल्या. गाठोडं सोडलं, ठिगळांची चोळी निघाली. चूल उकरली, राख निघाली. येसू म्हणाली, "मागाच्या खड्ड्यात बघा, तिथं लपवलं असेल." शिपायांना मागाखाली वाकता येईना. तेव्हा ती स्वतः खड्ड्यात उतरली. उतरताना ताण्यावर, मागावर ताणलेल्या सुतावर, पाय पडला. महिन्याचं काम फाटकन तुटलं.

खड्ड्यात काही नव्हतं. येसूनं मान वर केली. भागू बसायची तिथून तिनं बाहेर बघितलं. आपलं दार बघितलं. दार दिसलंच नाही. नाकासमोर तरट होतं, काळं, धुरकटलेलं. 

कोतवालानं विचारलं, "म्हातारे, उजेड सोडून दाराला हे तरट कशाला लावलंस?"

भागू बोलली नाही. येसूकडे बघितलंसुद्धा नाही. मग कोतवालानं सगळ्या आळीला विचारलं, "कोणी लावायला सांगितलं?" आळी बोलली नाही. येसू खड्ड्यात उभी होती. तोंड उघडायचं ते तिनं मिटलं. चोरी झाली ते दुःख, बायांनो, पण ती गप्प बसली ते पाप.

माल मिळाला नाही, आळ तेवढा राहिला. भागूकडे कोणी सूत टाकेना. बोळातून जाताना लोक तरटाकडे बोट करायला लागले. ताणा शिपायाच्या पायानं तुटला, असंच बाहेर उभे होते ते सगळे समजले.  नवरा म्हणाला, "गेलं ते गेलं, मी आणखी घडवीन." तिला काय गेलं, ते त्याला कसं सांगायचं? आपलंच दार उघडायची तिला लाज वाटायला लागली. ती मागच्या दारानं पाण्याला जायला लागली.

मग काय झालं? येसूची एकुलती लेक तीन कोसांवर सासरी होती, दिवस भरलेले. तिचा निरोप आला. "पाय सुजलेत, गाडीत बसवत नाही, जीव घाबरतो. आई, तू ये." इकडे तांबट राजवाड्यात कामाला गुंतलेला, आणि घरात राजाच्या मालकीचे तांब्याचे पत्रे येऊन पडलेले. ते गेले तर तांबटाच्या पायात बेड्या. येसूनं नवं कुलूप लावलं आणि निघाली. बोळाच्या तोंडाशी गेली, परत आली. वेशीपर्यंत गेली, परत आली. वेशीबाहेरच्या वडापर्यंत गेली, परत आली.

वेशीत एक म्हातारी झाडत होती. ती म्हणाली, "बाई, तीनदा गेलीस, तीनदा आलीस. काय विसरलीस?"

"कुलूप लागलं का ते बघते, आजीबाई."

"लागलं का?"

"लागलं."

"मग जा की."

येसूला रडू फुटलं. "कुलूप आहे, पण कुलपाकडे बघणारं कोणी नाही."

"शेजार नाही तुला?"

"होता. मीच घालवला." तिनं निम्मं सांगितलं. म्हातारी झाडू टेकून उभी राहिली. "आणि पुढचं?" मग तिनं पुढचंही सांगितलं. तरटाचं सांगितलं, गप्प बसल्याचं सांगितलं, ताण्यावर पडलेल्या पायाचं सांगितलं. सांगताना पदर तोंडावर ओढून घेतला.

म्हातारी म्हणाली, "तुला एक वसा देते. घेशील, मग फुगशील, मग सोडशील."

"फुगायची नाही, सोडायची नाही. सांगा."

"घराबाहेर पडताना उंबऱ्यावर पाणी घालावं. मूठभर धान्य शेजारणीच्या ओटीत घालावं. आधी तिचं दार राखावं, मग आपलं सांगावं. पण तुझ्या हातची मूठ आज कोण घेईल? ज्या तोंडानं आळ घातलास, त्याच तोंडानं तो काढ." एवढं बोलली आणि झाडत झाडत दिसेनाशी झाली. ती शेजारमाय होती.

येसू घरी आली. आळ काढायचा म्हणजे चारचौघांत उभं राहायचं. तिचा धीर होईना. पहिल्या दिवशी तिनं लाडवांचं ताट तरटाशी ठेवलं. संध्याकाळी बघते तर ताट तिथंच, मुंग्या लागलेल्या. लेकीचा निरोप आला, "आई निघाली का?" दुसऱ्या दिवशी नवी घागर ठेवली. घागर तिच्याच पायरीवर परत आली. निरोप आला, "आई वाटेत आहे का?" तिसऱ्या दिवशी ती तरट बाजूला करून आत गेली, आवाज खाली केला. "भागाक्का, माझं चुकलं. झालं ते पोटात घाला."

भागू तुटलेले तागे गाठत होती. मान वर न करता म्हणाली, "आळ घातलास तेव्हा एवढी हळू बोलली नव्हतीस."

निरोप आला, "कळा सुरू झाल्या. आई येत नाही का?"

मग येसू पळत चावडीवर गेली. कोतवाल होता, आळीचे पंच होते, वाणी होता, कासारीण होती. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सावरला नाही. म्हणाली, "ऐका. साळणीनं चोरी केली नाही. ते तरट मी लावायला लावलं. कोतवालांनी विचारलं तेव्हा मी तिथंच होते, मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. ताणा शिपायानं तोडला नाही, माझ्या पायानं तुटला. तिनं माझं दार वर्षानुवर्षं फुकट राखलं आणि मी तिच्या घरात शिपाई घातले." एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. चावडीवर कोणी तिला आधार दिला नाही, कोणी "जाऊ दे" म्हटलं नाही. ती लाजेनं अर्धी झाली आणि परत फिरली.

बोळात येऊन बघते तर भागूच्या दाराला तरट नव्हतं. बातमी तिच्या आधी पोचली होती. भागू खड्ड्यात बसली होती, समोर बघत होती. येसूनं उंबऱ्यावर पाणी घातलं, मूठभर कण्या नेल्या. भागूनं ओटी पुढं केली नाही, जमिनीकडे बोट केलं. "तिथं ठेव. लेकीकडे जा. दार दिसतंय मला."

येसू गेली. वाटेत एकदाही मागं वळली नाही. लेक सकाळपासून अडलेली होती. आई दिसली, तिनं आईचा हात धरला, आणि तासाभरात मोकळी झाली. नात झाली.

इकडं काय झालं? राजाचे तांब्याचे पत्रे घरात आहेत असं ऐकून तेच तिघे परत आले. भर दुपार, तोच बोळ. भागूला सहा पाय दिसले, सहाही परके. तिनं धोटा थांबवला. "कोणाकडचे पाव्हणे?"

"तांबटाकडचे."

"तांबट राजवाड्यात आहे, तांबटीण लेकीकडे आहे. या, माझ्या ओट्यावर बसा." आणि बसल्या जागेवरून हाक दिली, "अगं वाणिणी, पाव्हण्यांना पाणी आण. अगं कासारणी, तूही ये." वाणीण आली, कासारीण आली, बोळाची दोन्ही तोंडं बायकांनी भरली. चोर उठायला गेले, तर एकाच्या खांद्यावरच्या घोंगडीतून पहार खाली पडली. मग कोतवाल आला. पहिल्या चोरीची उतरंड ओढ्याकाठी पुरलेली सापडली.

बारा दिवसांनी येसू परतली. कुलूप जसंच्या तसं होतं. आळीनं सगळं सांगितलं. ती साळणीच्या पाया पडायला वाकली. भागूनं पाय खड्ड्यात ओढून घेतले. म्हणाली, "चोर धरले ते आळीनं. माझं मन अजून साफ नाही, उगीच खोटं कशाला बोलू?" येसू म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आणि उठून घरी गेली.

मग येसूनं वसा चालवला. तुटलेल्या ताण्याचं सूत आणून दिलं, आणि रोज दुपारी शेजारी बसून एकेक तागा गाठायला लागली. बाहेर निघताना उंबऱ्यावर पाणी, मूठभर धान्य. "भागाक्का, तुमचं दार मी बघेन, माझं तुम्ही बघा." भागू म्हणायची, "ठेव तिथं." पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला. एवढंच उत्तर. येसू उतली नाही, रुसली नाही, दुसऱ्या उत्तरावर तिनं हक्क सांगितला नाही.

मग पुन्हा श्रावण आला. एके सकाळी भागू हातात गाठोडं घेऊन तिच्या पायरीशी उभी राहिली. "येसू, भाऊ आजारी आहे. माहेरी जाऊन येते. मागावर लुगडं अर्धं आहे. दार नुसतं लोटलंय, कुलूप माझ्याकडे नाही. तेवढं बघशील ना?"

येसूनं नुसती मान हलवली. ज्या घरात तिनं कोतवाल घातला होता, ते घर तिच्या हाती देऊन भागू वेशीकडे चालती झाली. येसू आपल्या पायरीवर बसली, आणि भागू परतेपर्यंत त्या लोटलेल्या दारावरून तिनं डोळे काढले नाहीत. डोळ्यांना धार लागली होती. ती पुसायची आणि पुन्हा बघायची.

येसूला शेजारमाय पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. दार कुलपानं नाही, माणसानं राखलं जावो. ज्याला आपण दुखावलं, त्यानं आपलं दार पुन्हा आपल्यावर सोपवावं, एवढं भाग्य सगळ्यांना मिळो. बोळभर लांब कहाणी उंबऱ्यापाशी आली, इथं सुफळ झाली, संपूर्ण झाली.