याहून लहान वाट

एक पाठशाळा एकदा एका लाकडी खेळामुळे दूरदूरच्या प्रांतांत प्रसिद्धीस आली. तिथे तर्कशास्त्र शिकवीत आणि त्याचा पहिला पाठ ग्रंथातून न देता त्या खेळावर देत. खेळाचे नाव हत्तीदरवाजा. एक लाकडी तबक, त्याच्या एका कडेला मधोमध दरवाजा. तबकात एक मोठा चौकोनी ठोकळा, तो हत्ती. त्याच्याभोवती घोड्यांचे आणि प्याद्यांचे लहान ठोकळे दाटीवाटीने बसवलेले. रिकामी घरे अवघी दोन. ठोकळा उचलायचा नाही, रिकाम्या घरात फक्त सरकवायचा, आणि असे करता करता हत्ती दरवाजाशी आणायचा.

हत्ती कसाबसा बाहेर काढणे थोड्या चिकाटीने कोणालाही जमे. खरा कस लागे तो त्यापुढे. कमीत कमी चालींत तो कोण काढतो?

पाठशाळेचे आचार्य तरुण होते तेव्हा त्यांनी एक वाट शोधली होती. तोवर ठाऊक असलेल्या सर्व वाटांहून ती पुष्कळच लहान होती. त्या वेळच्या नगरशेठांना इतका हर्ष झाला की त्यांनी ती वाट चालींच्या खुणांसह काळ्या दगडावर कोरवून घेतली आणि तो दगड महाद्वाराच्या भिंतीत बसवला. खाली ठसठशीत अक्षरांत एक ओळही घातली : ‘याहून लहान वाट नाही.’

पुढे आचार्य वृद्ध झाले. शिकवण्याचे काम त्यांचे ज्येष्ठ शिष्य भार्गवशास्त्री पाहू लागले. दगडावरची वाट शास्त्रींच्या बोटांत अशी मुरली होती की ते डोळे मिटूनही हत्ती बाहेर काढीत. विद्यार्थी येत, ती वाट पाठ करीत, दगडाला हात लावून नमस्कार करीत आणि आपापल्या गावी जाऊन सांगत की, आम्ही अंतिम वाट शिकून आलो.

त्या पाठशाळेत वेणा नावाची एक विद्यार्थिनी दाखल झाली. वय पंचविशीचे, घराणे कासाराचे, बोलणे थोडके पण रोखठोक. महिनाभरात तीही ती वाट शिकली. मग एके सकाळी भर पाठात तिने विचारले, “शास्त्रीजी, याहून लहान वाट नाही, हे कशावरून?”

“दगडावर लिहिलं आहे,” शास्त्री म्हणाले.

“दगडावर कशावरून लिहिलं?”

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. शास्त्रींनी स्वर चढू दिला नाही. “आचार्यांनी ही वाट शोधली, म्हणून.”

“ही वाट आचार्यांनी शोधली, हे मान्य. पण दुसरी नाही, हे कोणी शोधलं?”

आता कोणी हसले नाही. भार्गवशास्त्री काही दुष्ट गृहस्थ नव्हते. ज्या वाक्यावर आपले सारे आयुष्य उभे आहे ते कोणी हलवू पाहिले, की भला माणूससुद्धा कठोर होतो. ते म्हणाले, “वार्षिक सभा जवळ आली आहे. तिथे सर्वांसमक्ष याहून लहान वाट काढून दाखव. नाही जमलं, तर दगडावर डोकं टेकवून क्षमा माग. तेही मान्य नसेल, तर पाठशाळा सोड.”

“दाखवीन,” वेणा म्हणाली.

म्हणून बसली खरी, पण तिच्या हाती काहीच नव्हते. सभेपर्यंत ती जेवतानाही तबक मांडीवर घेऊन बसे. प्याद्यांना आधी हलवून पाहिले, घोड्यांना आधी हलवून पाहिले. हत्तीला दरवाजापासून दूर नेऊन मग वळवावे, असाही एक विचार तिला सुचला. त्यातून काही चाली वाचल्याही, पण त्या दुसरीकडे खर्ची पडल्या.

सभेच्या दिवशी अंगण भरले. आचार्यांना हाताला धरून आणून बसवले गेले. त्यांची दृष्टी तोवर बरीच मंद झाली होती. वेणा तबकापुढे बसली. एक शिष्य तिच्या चाली मोठ्याने मोजू लागला. अर्ध्यापर्यंत ती दगडाच्या पुढे होती आणि सभा श्वास रोखून पाहत होती. मग एक घोडा कोपऱ्यात अडकला, तो सोडवण्यात चाली गेल्या, आणि हत्ती दरवाजाशी आला तेव्हा तिच्या चाली दगडापेक्षा दोन अधिक झाल्या होत्या.

हसण्याची एक लाट अंगणभर फिरली. शास्त्री शांतपणे म्हणाले, “ऊठ, वेणा. दगडापाशी जा.”

ती उठली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दगडापाशी गेली आणि ताठ उभी राहिली.

“मी हरले,” ती म्हणाली. “मला लहान वाट सापडली नाही, हे मी शंभरदा म्हणेन. पण ती नाहीच, असं मी म्हणणार नाही. आणि जे मला ठाऊक नाही त्यापुढे डोकंही टेकवणार नाही. मी माझं गाठोडं बांधते.”

“थांब,” आचार्य म्हणाले. मग त्यांनी बाजूला बसलेल्या शिष्याला सांगितले, “छिन्नी आणि हातोडा आण.”

कोणाला काही उमगेना. छिन्नी-हातोडा आला. आचार्य धरून धरून दगडापर्यंत गेले. खालच्या ओळीवरून त्यांनी बोटे फिरवली, शेवटचा शब्द चाचपला, आणि त्या शब्दावर छिन्नी ठेवून घाव घातला. म्हाताऱ्या हातांचे घाव ते. कपची उडायला वेळ लागला. सभा उठून उभी राहिली होती, पण त्यांचा हात धरण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. अखेरीस ओळीतून ‘नाही’ हा शब्द गेला. उरले एवढेच : ‘याहून लहान वाट’.

भार्गवशास्त्रींच्या डोळ्यांत पाणी आले होते. “गुरुजी, हे काय केलंत? ती तर हरली! ती जिंकली असती आणि आपण दगड फोडला असता, तर समजलो असतो.”

आचार्य चौथऱ्यावर टेकले. दम खाऊन म्हणाले, “भार्गवा, ती जिंकली असती तर मला छिन्नीची गरजच नव्हती. वाक्य आपोआप खोटं ठरलं असतं. ती हरली, म्हणून घाई केली. तिच्या हरण्यानं हे वाक्य खरं ठरलं, असं तुम्ही सगळे आत्ता मनात म्हणत होतात.”

सभेतल्या पुष्कळांनी मान खाली घातली.

“दगडावरची वाट माझी आहे,” ते पुढे म्हणाले. “खालची ओळ शेठजींची. प्रेमापोटी घातली त्यांनी. मी ज्या वाटेनं गेलो तिच्याबद्दल मी साक्ष देईन. ज्या वाटांनी गेलोच नाही, त्यांच्याबद्दल कशी देऊ? ‘मला सापडलं नाही’ हे माणसाचं वाक्य आहे, ते बोलायला प्रामाणिकपणा पुरतो. ‘नाही’ हे सगळ्या जगाबद्दलचं वाक्य आहे. ते बोलायचं, तर सगळं जग चालून यावं लागतं.”

“मग इतकी वर्षं आपण बोलला का नाहीत?” शास्त्रींनी विचारले.

“कोणी भांडायला येईल, याची वाट पाहत होतो,” आचार्य म्हणाले. “लोक येत होते ते नमस्कार करायला.”

मग ते वेणाकडे वळले. “तुझं गाठोडं राहू दे. पण तूही एक ध्यानात घे. लहान वाट आहे, असंही तुला ठाऊक नाही. शंका घेतलीस, ती आता पुरी कर.”

वेणाने पाठशाळेतच राहून कामाला सुरुवात केली. या वेळी तिने तबक मांडीवर घेतले नाही. नशिबाने एखादी चांगली वाट हाती लागेलही, पण तिच्याहून चांगली नाही हे नशीब कधीच सांगणार नाही, हे तिला कळून चुकले होते. मागच्या ओसरीची लांब भिंत रिकामी होती. तिथे तिने गेरूने मांडण्या काढायला घेतल्या. पहिल्या चालीत तबकाच्या ज्या ज्या मांडण्या होऊ शकतात, त्या सगळ्या एका पट्ट्यात. त्या प्रत्येकीतून आणखी एका चालीत ज्या निघतात, त्या दुसऱ्या पट्ट्यात. आधी येऊन गेलेली मांडणी पुन्हा आली, तर ती गाळायची. ज्या पट्ट्यात हत्ती पहिल्यांदा दरवाजाशी दिसेल, तितक्या चालींची वाट सर्वांत लहान. त्यात कौशल्याचा भाग थोडा होता, आणि कंटाळ्याला जागा पुष्कळ होती.

प्रारंभी विद्यार्थी थट्टा करीत. काही जण मग थांबून पाहू लागले, आणि त्यांतले काही गेरू कालवून देऊ लागले. कोणी म्हणे, “अगं, हत्ती नेण्याच्या कामाचा नसलेला हा सगळा पसारा कशाला काढतेस?” ती म्हणे, “तो कामाचा नाही, हे काढल्यावरच कळतं ना?”

सारी ओसरी भरत आली आणि दसरा आला. पाठशाळेची रंगसफेदी भार्गवशास्त्रींच्या देखरेखीखाली होई. वेणा चार दिवस आपल्या गावी गेली होती. परतून पाहते तो ओसरीची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र. चुन्याचा वास अजून ताजा होता.

ती किती तरी वेळ भिंतीपुढे उभी राहिली. मदत करणारे विद्यार्थी लांबून पाहत होते, पण जवळ जायला धजत नव्हते. शेवटी ती वळली आणि थेट शास्त्रींच्या खोलीपाशी गेली. शास्त्री सावरून बसले. सण होता, भिंत मळकी दिसत होती, असे काहीबाही सांगण्याची तयारी त्यांनी करून ठेवली होती.

“शास्त्रीजी,” वेणा म्हणाली, “भिंत फार छान पांढरी झाली आहे. आता गेरू अधिक उठून दिसेल.”

एवढे बोलून ती गेली. शास्त्रींनी तयार करून ठेवलेले एकही वाक्य वापरात आले नाही.

त्याच दुपारी तिने पुन्हा पहिला पट्टा काढला. पण माणूस एकच काम दुसऱ्यांदा करू लागला, की पहिल्या वेळी न दिसलेले त्याला दिसते. तबक डावी-उजवीकडून सारखेच होते. डावीकडच्या प्रत्येक मांडणीला आरशात पाहावी तशी उजवीकडे एक जोडीदारीण होती. पहिल्या खेपेला तिने दोघींनाही वेगवेगळे वाढवीत नेले होते. या वेळी तिने जोडीतली एकच ठेवली. काम निम्म्यावर आले. जी भिंत आधी पुरत नव्हती, तिच्यावर आता मोकळी जागा राहू लागली. लहान वाट शोधण्याची लहान वाट तिला अशी सापडली, आणि तीही चुन्याच्या कृपेने!

वर्षे गेली. दसऱ्याच्या रंगसफेदीत ओसरीची ती भिंत आता वगळली जाई. शेवटचा पट्टा पुरा झाला त्या सकाळी वेणा आचार्यांना हाताला धरून ओसरीवर घेऊन आली. त्यांना आता काहीच दिसत नव्हते. मागोमाग सारी पाठशाळा लोटली. सगळ्यांच्या मागे भार्गवशास्त्रीही येऊन उभे राहिले.

“सापडली?” आचार्यांनी विचारले.

“नाही, गुरुजी.”

“सापडली नाही, की नाहीच?”

वेणाने एकदा साऱ्या भिंतीवरून नजर फिरवली. “नाहीच,” ती म्हणाली.

आचार्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाले, “इतक्या वर्षांत हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला.”

शास्त्री पुढे आले. त्यांच्या स्वरात विजय होता, पण तो त्यांनाच पुरेसा वाटत नसावा. “म्हणजे दगडाचं म्हणणं बरोबरच होतं. मग एवढा खटाटोप करून मिळवलंस काय?”

“दगडाचं म्हणणं बरोबर होतं, शास्त्रीजी,” वेणा म्हणाली. “पण ते दगडाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला नव्हतं, मलाही नव्हतं. आता मला आहे.”

शास्त्रींनी खांद्यावरचे उपरणे सावरले. मग खाली पाहत म्हणाले, “पाथरवटाला बोलावतो. तो शब्द पुन्हा कोरून घेऊ. या वेळी खाली तुझं नाव घालू.”

“नको.”

“का नको? आता तर सिद्ध झालं!”

“सिद्ध झालं ते इथे, भिंतीवर. ज्याला शंका येईल त्यानं इथे यावं, पट्टा न् पट्टा पाहावा आणि माझी चूक धरावी. दगडावर शब्द कोरलात की लोक परत नमस्कार करतील आणि निघून जातील. माझं नाव त्या कामाला लावू नका.”

विद्यार्थी हळूहळू पांगले. भार्गवशास्त्री मात्र जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने ते भिंतीजवळ गेले आणि म्हणाले, “वाचायची कुठून?”

“डावीकडच्या कोपऱ्यातून. वरून खाली.”

शास्त्रींनी उपरणे बाजूला ठेवले आणि गुडघ्यावर हात टेकून ते कोपऱ्यात बसले. एकेका मांडणीवर बोट ठेवीत ते पुटपुटत पुढे सरकू लागले. ऊन ओसरीत आले, पायरीवरून उतरले, आणि ते तसेच वाचत होते. वेणा आचार्यांपाशी बसून होती. एकाएकी शास्त्रींचे बोट थांबले. ते मागे गेले, पुन्हा पुढे आले.

“वेणा, इकडे ये जरा,” त्यांनी हाक मारली. “ही मांडणी इथे एकदा येऊन गेली आहे. तू ती दुसऱ्यांदा काढली आहेस.”

वेणा आली, वाकून पाहू लागली. “खरंच की,” ती म्हणाली. “उत्तर बदलत नाही त्यानं, पण चूक ती चूकच.” तिने बोट ओले केले आणि ती जादा मांडणी पुसून टाकली.

आचार्य आंधळ्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहत हसत होते. शास्त्री तोवर पुढच्या पट्ट्याकडे सरकले होते.