कुमुदिनीबाईंची तिसरी डिस्क

“चाचा, आता चौथी डिस्क कोणत्या कंपनीची लावू?”

मुनीरचाचा आत्तार एका जुन्या अॅम्प्लिफायरला डाग देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा शार्दूल जंगम. पुण्याहून डिप्लोमा करून आलेला, दोन वर्षं चाचांच्या हाताखाली शिकणारा. पोरगा हुशार, आणि तसं त्याला स्वतःलाही वाटायचं.

मी कराडात कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो. आधीच्या तिन्ही डिस्का माझ्याच दुकानातून गेलेल्या. माझा माल वाईट ठरू नये, म्हणून त्या सकाळी मीही चाचांकडे जाऊन बसलो होतो.

डिस्का गेल्या त्या कुमुदिनीबाई देवस्थळींच्या घरी. बाई मोडी वाचतात. लोक माळ्यावरची जुनी पत्रं त्यांच्याकडे आणून देतात, बाई ती वाचून देवनागरीत टाइप करतात. एका घराण्याची तीनशे बारा पत्रं त्यांनी दोनदा टाइप केली आणि दोनदा डिस्कबरोबर गेली. पेनड्राइव्हवर नक्कल ठेवायला शार्दूलनंच सांगितलं होतं. तोही त्याच कॉम्प्युटरला लावलेला असताना मेला.

तिसऱ्यांदा काम नुकतंच संपलं होतं. तेवढ्यात आज सकाळी तिसरी डिस्क टकटक करायला लागली. आणि बाईंच्या डोळ्यांना आता चौथ्यांदा एवढं बारीक वाचणं झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं.

शार्दूल डिस्क काढून घेऊन आला होता. वहीत सगळ्या चाचण्यांचे आकडेही होते.

“चौथीचं मागून बघू,” चाचा म्हणाले. “तिसरी अजून बोलतेय ना? आधी तिचं ऐकून घे.”

त्यांनी डिस्क आपल्या मशीनला जोडली. ती टकटकली, थांबली, पुन्हा फिरायला लागली…

दुपारी दोन वाजेपर्यंत आम्ही तिघं तिच्यासमोर बसून होतो. जेवायची आठवण कुणाला झाली नाही. शेवटचं, तीनशे बारावं पत्र चाचांच्या मशीनवर उतरलं तेव्हा शार्दूलनं खुर्चीत अंग सोडून दिलं. मीही मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मग शार्दूलनं नव्या डिस्कचा डबा उघडायला घेतला. चाचांनी त्यावर हात ठेवला आणि बाईंचं घर दाखव म्हणाले.

वाटेत शार्दूल सांगत होता की घरी जाऊन काही मिळणार नाही. कॉम्प्युटरची पेटी तीनदा चाचांच्या दुकानात आणून तपासली होती, तिथं ती गुणी बाळासारखी चालायची. चाचा हूं हूं करत होते. मला मात्र जुनी गोष्ट आठवली. आमच्या आळीतल्या एका डॉक्टरांचा रेडिओ खरखरायचा. तीन मेकॅनिक तो खोलून गेले. चाचांनी रेडिओला बोटही लावलं नाही. शेजारच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचा चोक बदलला आणि घरी आले.

बाईंनी दार उघडलं. पत्रं सगळी उतरली हे ऐकल्यावर त्या दाराच्या चौकटीला धरूनच उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं आत जाऊन चहा ठेवला.

चाचा कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसले. शार्दूलनं पेटीत दुकानातली एक जुनी, चालू डिस्क घालून ती सुरू केली आणि तो वहीतले आकडे सांगायला लागला. चाचा टेबलाखाली बघत होते.

तिथं लाकडी पाट होता.

“बाई, हा पाट इथं?”

बाई जरा ओशाळल्या. खाली फरशीवर पाय टेकले की हाताला झिणझिण्या येतात, म्हणून ठेवलाय, असं म्हणाल्या. आता सवय झाली होती. शार्दूल आला की त्यालाही त्या पाय पाटावर ठेवायला सांगायच्या. तो ठेवायचा. पायमोजे घालून.

चाचांनी पायानं पाट बाजूला सारला. अनवाणी तळवे फरशीवर टेकले. मग उलट्या हाताची बोटं पेटीच्या मागच्या स्क्रूला हळूच लावली आणि लगेच काढली.

“मोजे काढ,” ते शार्दूलला म्हणाले.

शार्दूलनं मोजे काढले, हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

“बाई, पेटीचा शॉक लागतो हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत,” तो म्हणाला.

“तुम्ही दर वेळी कॉम्प्युटरला काय होतंय ते विचारलंत. मला काय होतंय, ते नाही.”

शार्दूलनं मोजे खिशात कोंबले.

पुढचं काम तासाभराचं. गेल्या वर्षी मागच्या अंगणात कोबा केला, तेव्हा गवंड्यानं मध्ये येणारी एक तार तोडून टाकली होती. ती घराच्या अर्थिंगची. पेटीला वीज पुरवणारा डबा आतून गळत होता. त्याची वीज जमिनीत जायची ती वाट बंद झाल्यावर पेटीतच भटकत राहिली. चाचांच्या दुकानात अर्थिंग धड, म्हणून तिथं सगळं ठीक दिसायचं. तारेला तार जोडली, डबा बदलला. माझ्या डिस्का निर्दोष सुटल्या, हे मी तिथंच दोनदा बोलून दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही.

नवी डिस्क बसली, पत्रं तिच्यावर चढली. शार्दूलनं अनवाणी उभं राहून पेटीला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“काही नाही लागत, चाचा.”

बाईंनीही येऊन हात लावला आणि हसल्या. कितीतरी दिवसांनी, असं वाटलं.

निघताना शार्दूल वही काढून बाईंना वर्षभराची खात्री लिहून द्यायला लागला. त्या म्हणाल्या, कागद कशाला, काही बिघडलं तर मी बोलावीन की. शार्दूलनं वही मिटली.

“मग बाई बोलावतील तेव्हा येतो.”

चाचा उंबऱ्याशी चपला शोधत होते.

“तेव्हा नको,” ते म्हणाले. “त्याच्या आधी ये.”