करंगळीएवढा झरा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. दूर दक्षिणेच्या समुद्रात एक हिरवंगार बेट होतं. इतकं हिरवं, की तिथली माणसं झोपेतही हिरवंच बघायची म्हणे. डोंगरापलीकडे उंच धबधबे कोसळायचे आणि त्यांच्या तुषारांचं धुकं दिवसभर झाडांवर तरंगत राहायचं. ते बघायला लांबलांबून होड्या यायच्या.

पाहुण्यांना धबधब्यापर्यंत नेण्याचं काम मालनकडे होतं. वाटेत तिच्या गावचा झरा लागायचा. धार करंगळीएवढी, खाली दगडी डोणी. सगळं गाव तेच पाणी प्यायचं. गावची एक रीत होती: झऱ्याला लोखंड लावायचं नाही. गाळ साचला तर हातानं काढायचा, तोही हळूच, झोपलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तसा.

पाहुणे या झऱ्याकडे ढुंकूनही बघत नसत. मालनच्या मनाला ते फार लागायचं. एकदा तर एक पाहुणा म्हणाला, "बाई, हा झरा आहे की दगडाला आलेला घाम?" सगळे हसले. मालनही हसली, पण त्या दिवशी तिला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहार उचलली. अंथरुणाला खिळलेली तिची आई म्हणाली, "पोरी, आपल्याला पुरतंय ना पाणी? मग कोणासाठी खोदतेस?"

"झऱ्यासाठीच गं, आई. चार लोकांत त्याचं नाव होऊ दे की."

आता घ्या! झऱ्याला कुठे नावाची हौस होती? पण मालन ऐकते कसली. पहारीचे घाव बसले, कपार फुटली आणि पाणी धो धो उसळलं. पाहुणे थबकले, वा वा म्हणाले. मालनचे पाय जमिनीवर ठरेनात. संध्याकाळी धार बारीक झाली. सकाळी बघते तो डोणी कोरडी.

गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजोबांनी फुटक्या कपारीला कान लावला. आत खोल कुठेतरी पाणी गुणगुणत उतरत होतं. "तो रागावला नाही गं," ते म्हणाले. "तू वाट करून दिलीस, तो गेला."

गेला तो थेट समुद्रात. ओहोटीच्या वेळी किनाऱ्याजवळ, खाऱ्या पाण्याच्या पोटातून गोड पाण्याचे बुडबुडे वर येऊ लागले. बातमी बेटोबेटी पसरली, होड्यांची रीघ लागली. पाहुणे गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, बुडबुड्यांना ओठ लावायचे, डोळे मिटायचे आणि असं नवल जगात नाही म्हणायचे. झऱ्याचं नाव झालं. घागर बुडवली की मात्र तिच्यात खारट पाणीच यायचं.

त्या गर्दीतून वाट काढत मालन रोज रिकामी घागर घेऊन डोंगरापलीकडे निघायची. अख्खं गावच निघायचं. ती परत येईपर्यंत ऊन कललेलं असायचं आणि आईचे ओठ सुकलेले असायचे. आई घोट घोट पाणी प्यायची. ती मालनला एका शब्दानं बोलली नाही, आणि त्याचंच मालनला रडू यायचं.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढं लक्षात ठेवा: जे आपली तहान भागवतं, ते परक्यांच्या वाहवेसाठी फोडू नये.